मधल्या कामाला वाली कोण?

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीचा पट्टा आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा लागायच्या आत विहिरी तळ दाखवतात, खरिपात बाजरी आणि पाण्याने साथ दिली तर कांदा. डिंभे धरण याच तालुक्यात, पण ते पश्चिमेच्या डोंगरात. त्याचं पाणी इकडे आणायचं तर उपसूनच आणावं लागणार, आणि म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची मागणी इथे वर्षानुवर्षं चालू आहे. लोणीच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वेळ मागून घेतात अशी रेडिओ दुर्बीण आहे. दक्षिणेला पाबळला विज्ञान आश्रम आहे. नारायणगावला टोमॅटोचा बाजार आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही. म्हणजे विज्ञान इथून लांब आहे असं म्हणायची सोय नाही. तरीही वनस्पतिशास्त्र, बिनतारी संदेशवहन आणि सौर उष्णता या तीन विषयांत गेल्या काही वर्षांत जे झालं त्यातलं लोणीच्या वाट्याला काय आलं, असं विचारलं तर उत्तर देताना अडखळायला होतं.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की शोध लागलेले आहेत, ते खेड्यापर्यंत पोचवायचे तेवढे राहिलेत. प्रसार कमी पडतो. मग मेळावा भरतो, घडीपत्रिका वाटल्या जातात, फोटो काढले जातात. मला हे निदानच चुकीचं वाटतं. शोध आणि वापर यांच्यामध्ये एक मोठं काम असतं: मोजायचं, जुळवायचं, करून बघायचं, बिघडलं की पुन्हा करायचं. ते प्रसाराचं काम नाही. ते संशोधनच आहे, तितकंच अवघड, आणि ते करणाऱ्याला आपल्याकडे ना पैसा मिळतो ना पदवी.

टोमॅटोपासून सुरुवात करू. तेल अवीव विद्यापीठातल्या लिलाख हदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ त्यांनी अतिउच्च कंप्रतेचे आवाज टिपणारे मायक्रोफोन ठेवले होते. पाणी तोडलेलं किंवा खोड कापलेलं रोप तासाला तीस ते पन्नास वेळा ‘टिक्’ असा आवाज करतं आणि सुस्थितीतलं रोप जवळजवळ गप्प असतं, असं त्यांना आढळलं. आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचा. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये ताण वाढून बुडबुडे होतात आणि फुटतात, त्यातून तो येत असावा. रोप कोमेजलेलं दिसायच्या आधीच हे टिकटिकणं सुरू होतं, ही यातली खरी मोलाची गोष्ट. वर्तमानपत्रांनी मात्र ‘झाडं रडतात’ असा मथळा करून मोकळं व्हायचं ठरवलं. बुडबुडा फुटण्याला रडणं म्हणायचं तर चहाचं आधणही रडतं.

संशोधन उत्तम आहे. त्यातून उद्या शेतात टांगायचं एखादं स्वस्त उपकरण निघेल, ते मोबाइलवर सांगेल की तिसऱ्या सरीला पाणी द्या. नारायणगावच्या बागायतदाराला ते उपयोगी पडेल. कुकडीच्या कालव्याचं पाणी त्याच्या शेताजवळून जातं आणि त्याचा दोष असलाच तर पाणी जास्त देण्याचा. लोणीत झाड तहानलंय हे कुणाला सांगावं लागत नाही. पाणी द्या असं सांगणारं यंत्र, पाणी आहे हे गृहीत धरून चालतं. हे गृहीतक तेल अवीवच्या काचघरात खटकत नाही. ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हे शोधायला माणूस शेतात उभा राहावा लागतो.

आणि जिथे पाणी आहे तिथे तरी काय झालं? २०२० मध्ये जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या भागात टोमॅटोची फळं धड पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट डाग. शेतकऱ्यांनी त्याला लगेच ‘तिरंगा’ नाव देऊन टाकलं. बियाणं खराब म्हणून कंपन्यांवर राग निघाला, समाजमाध्यमांवर अफवा पिकल्या, टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो इथपर्यंत मजल गेली. नमुने बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले, आणि तिथून ज्या विषाणूंची नावं आली त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू होता. तो मावा पसरवतो. हा विषाणू जगाला काही नवा नाही, वनस्पतिशास्त्राची पुस्तकं त्याने भरलेली आहेत. पण तो आपल्या बांधावर आलाय हे कळेपर्यंत प्लॉट उपटून झाले होते. ज्ञान होतं, रोग होता, दोघांची गाठ घालून देणारी प्रयोगशाळा शेजारच्या राज्यात होती. टोमॅटोच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात विषाणूची चाचणी दोन दिवसांत होऊ नये, याला प्रसाराची उणीव म्हणता येणार नाही.

बिनतारीकडे वळतो. झाडं आणि बिनतारी लहरी यांचं नातं तसं जुनं आहे: १८९५ मध्ये कोलकात्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवणारे जगदीशचंद्र बोस पुढे लाजाळूच्या देठातले विद्युत्संदेश मोजत बसले. आज या दोन विषयांची माणसं एका टेबलाशी सहसा बसत नाहीत. जुन्नर-आंबेगावात तर ती भांडणाच्या निमित्तानेच भेटतात.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीमध्ये, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत; चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन बाहूंवर पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जागा निवडताना जी कारणं पाहिली गेली त्यात डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ-गोंगाटाचा अभाव ही महत्त्वाची होती. म्हणजे या भागाचं मागासलेपण हीच इथली गुणवत्ता ठरली, आणि आता भाग पुढे सरकला की दुर्बिणीला त्रास होतो. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग रेल्वे मंत्रालयाने या वेधशाळेचं कारण देऊन बाजूला ठेवला, तेव्हा दोन्ही तालुक्यांत संताप झाला. तो समजण्यासारखा आहे. ‘आकाशगंगांचं तुम्ही बघा, आमच्या कांद्याचं कोण बघणार’ हा प्रश्न उद्धट नाही.

पण त्यावर ‘दुर्बीण हलवा’ हे उत्तर देणाऱ्यांनी एकदा आकडे समोर घ्यावेत. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झची लहर सोडतो. सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ती लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास इथे पोचते. जीएमआरटीने अशा प्राचीन आकाशगंगांतल्या हायड्रोजनचं मोजमाप केलं आणि ते २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. दुर्बिणीची ५५० ते ८५० मेगाहर्ट्झची खिडकी त्यासाठी लागते. २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकली गेलेली ७०० मेगाहर्ट्झची पट्टी नेमकी याच खिडकीत येते. इथे संघर्ष खरा आहे. पण शेतातले ओलावा मोजणारे छोटे बिनतारी संवेदक आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्टीत चालतात. ती या खिडकीच्या बाहेर पडते, आणि दुर्बिणीची पुढची खिडकी १०५० च्या वर उघडते. म्हणजे कागदावर तरी शेत आणि आकाश यांना एकमेकांशेजारी नांदता येतं. प्रत्यक्षात स्वस्त उपकरण शेजारच्या पट्टीत सांडतं का, किती अंतरावर किती उपकरणं चालतील, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं. हे मोजणं खगोलशास्त्रात बसत नाही, शेतीशास्त्रातही बसत नाही. मग ते करायचं कुणी?

याच संदर्भात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दुर्बिणीला सतावणाऱ्या गोंगाटात मोबाइल टॉवरइतकाच विजेच्या तारांचा वाटा असतो. खांबावरचा क्लॅम्प ढिला झाला, चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला की बारीक ठिणग्या उडत राहतात आणि त्यांचा खरखराट सगळ्या कंप्रतांवर पसरतो. तोच ढिला जोड शेतकऱ्याच्या मोटरला दाब कमी पुरवतो आणि मोटर जळते. एकच क्लॅम्प आवळला तर आकाशगंगा स्पष्ट ऐकू येते आणि रिवाइंडिंगचा खर्चही वाचतो. गावाचं आणि वेधशाळेचं हित इतकं उघड एकत्र आलेलं असताना ‘सदोष खांब कळवा’ अशी साधी संयुक्त व्यवस्था दोन्ही तालुक्यांत गावोगावी का नसावी? रेल्वेवरून मोर्चे निघाले तर ते निघू देत. ढिल्या क्लॅम्पसाठी मोर्चा लागू नये.

खुद्द जीएमआरटी कशी उभी राहिली ते पाहिलं तर माझा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तिचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला बत्तीस छोट्या तबकड्यांची रांग उभारली. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या होत्या. पुढे उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधताना त्यांनी अकरा अंश उताराची टेकडी शोधली. अकरा अंश हेच तिथले अक्षांश, त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एका दिशेने फिरवून भागलं. खोडदच्या तबकड्यांना भरीव पत्रा नाही. ताणलेल्या दोरखंडांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते, वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आवाक्यात. यातलं मूळ भौतिकशास्त्र जुनंच होतं. टेकडी शोधणं, जाळीचं भोक किती ठेवायचं ते ठरवणं, आपल्याकडच्या वाऱ्याचा हिशेब करणं ही सगळी मधली कामं. स्वरूप ती करत होते म्हणून ते मोठे शास्त्रज्ञ, असं मी म्हणेन. आपण त्यांचा गौरव आकाशगंगांसाठी करतो आणि जाळीचा भाग तळटिपेत टाकतो.

आता ऊन. लोणीत ज्याची कधी टंचाई नसते अशी ही एकच गोष्ट. टोमॅटोचे भाव पडले, रस्त्याकडेला ढीग लागले की दरवेळी कुणीतरी शहाणा सल्ला देतो: सौर ड्रायरमध्ये वाळवा. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांवर भाव होता आणि दोनेक महिन्यांत तो काहीशेवर आला, तेव्हाही हा सल्ला आलाच. जरा हिशेब करू. टोमॅटोत शंभराला चौऱ्याण्णव भाग पाणी. एका कॅरेटमधून सुमारे साडेअठरा किलो पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६५ युनिट उष्णता लागते, म्हणजे कॅरेटला बारा युनिट. महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर दिवसाला पाचेक युनिट ऊन पडतं. बऱ्यापैकी ड्रायरने त्यातलं तीस टक्के कामी लावलं तर दीड युनिट हाती आलं. एक कॅरेट एका दिवसात वाळवायचं तर आठ चौरस मीटरचा ड्रायर हवा. बाजारात पडून राहिलेली दहा हजार कॅरेट धरा: वीस एकर ड्रायर, तोही पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत. घाई करून उष्णता वाढवली तर फोडीची वरची साल कडक होते, आत ओल राहते आणि पिशवीत बुरशी धरते. पडलेल्या भावावर सौर ड्रायर हा उपाय नव्हे. हे गणित सातवीतल्या मुलाला जमेल, पण अनुदानाच्या योजनेत ते सहसा दिसत नाही.

मग लोणीच्या उन्हाचं करायचं काय? माझ्या मते त्याचं उत्तर बाजरीत आहे, आणि तिथे तिन्ही-चारी धागे हाताशी असूनही कुणी विणलेले नाहीत.

बाजरीचं पीठ टिकत नाही हे घरोघरी माहीत आहे. आठ-पंधरा दिवसांत ते कडवट, खवट लागतं, म्हणून आपण थोडं थोडं दळून आणतो. दाण्यात पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, तांदूळ-गव्हाहून बराच जास्त. दळताना लायपेज नावाचं विकर त्या तेलाला भिडतं आणि ते मोडायला लागतं. यामुळेच बाजरीचं पीठ गव्हाच्या आट्यासारखं दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने बसू शकत नाही, आणि बचत गटाने पीठ करून पुण्याला पाठवायचं म्हटलं की गाडं इथेच अडतं. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेलं, लोहाचं प्रमाण वाढवलेलं ‘धनशक्ती’ वाण महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झालं. रक्तक्षय असलेल्या शहरातल्या मुलीपर्यंत ते लोह पोचायचं तर पिठाच्या रूपातच पोचणार, आणि पीठ तर खवट होतं. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये दाखवलं की काही बाजऱ्यांमध्ये लायपेजची ठरावीक जनुकं मुळातच निकामी असतात आणि त्यांचं पीठ कमी खवट होतं. त्या गुणाचं वाण शेतात यायला वर्षं लागतील. दुसरा मार्ग मात्र तीस वर्षांपूर्वीच प्रयोगशाळांतून नोंदलेला आहे: दळण्याआधी दाणे थोडा वेळ, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, उकळत्या पाण्यात बुडवून काढायचे आणि वाळवायचे. विकर निकामी होतं, पीठ टिकतं.

याला उष्णता किती? दाण्याने आपल्या वजनाच्या सातव्या हिश्श्याइतकं पाणी शोषलं असं धरलं, तर दाणे तापवणं आणि पुन्हा वाळवणं मिळून किलोला ०.१३ युनिटच्या आसपास. एक कॅरेट टोमॅटो वाळवायला जेवढं ऊन खर्ची पडेल तेवढ्यात नव्वदेक किलो बाजरी निघते. शिवाय बाजरी सुगीनंतर, कोरड्या आणि उन्हाच्या महिन्यांत करायची. अडचण तापमानाची आहे. साधा ड्रायर ५०-६० अंशांवर थांबतो. वाळवणाला ते पुरतं, पण विकर मारायला उकळी हवी. उकळी उन्हावर आणता येते हे शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयाने दाखवलेलं आहे. तिथे २००९ पासून ऊन एकवटणाऱ्या ७३ शेफ्लर तबकड्या वाफ करतात आणि त्यावर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. लोणीला त्र्याहत्तर नकोत, एखादी पुरेल. कदाचित उकळी लाकडावर आणि वाळवण उन्हावर हेच स्वस्त पडेल. कदाचित गच्चीवरच्या नळ्यांच्या सोलर हीटरचं पाणी अर्धं अंतर तोडून देईल. करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आणि मग तो प्रश्न, जो मला कुठल्याही शोधनिबंधात ठळकपणे मांडलेला दिसला नाही: या पिठाची भाकरी थापता येते का? उकळीने दाण्यातला स्टार्च थोडा फुगतो, पिठाचा चिकटपणा बदलतो. काठवटीत मळताना पाणी किती लागेल, थापताना कड चिरेल का, तव्यावर पाणी फिरवून उलटल्यावर पापुद्रा सुटून फुगेल का? प्रयोगशाळा खवटपणा दाखवणारा आम्लांक मोजते, तीन महिन्यांचा आलेख काढते आणि पीठ उत्तम टिकलं असा निष्कर्ष देते. लोणीतली बाई पहिल्या भाकरीलाच सांगेल की पिठाला विरी नाही. तिचं मत म्हणजे ‘ग्राहक अभिप्राय’ नव्हे. या प्रयोगातलं ते निर्णायक मोजमाप आहे. बुडवायचं दहा सेकंद की तीस, हे तिच्या हातांनीच ठरणार आहे.

असं काम आपल्याकडे झालेलंच नाही असं नाही. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या ‘नारी’ संस्थेत गोड ज्वारीचं वाण काढलं गेलं, आणि अमेरिकेतून १९८१ मध्ये परतलेल्या अनिल राजवंशींनी त्याच ज्वारीच्या रसापासूनचा अल्कोहोल सूर्याच्या उष्णतेवर गाळून पाहिला. एका आवारात वाणही आणि ऊनही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘एसफोरएस’ या कंपनीने सौर ड्रायर बायकांच्या हातात दिला आणि वाळलेला माल स्वतः विकत घेण्याची सोय केली. २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार तिला मिळाला. त्यांचं यश पत्र्याच्या डब्यात नव्हतं, खरेदीच्या हमीत होतं. आणि लोणीच्या शेजारी पाबळला श्रीनाथ कलबाग यांनी, हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनातली नोकरी सोडून, १९८३ मध्ये मुद्दाम अवर्षणग्रस्त गाव निवडून विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंगपासून मातीपरीक्षणापर्यंत हातांनी शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपली पहिली परदेशी फॅब लॅब उभारली ती याच पाबळला. तिथे पुढे आलेल्या गरजा कोणत्या होत्या? डेअरीवर दुधाचा दर्जा मोजणं आणि डिझेल इंजिनाचं टायमिंग लावणं. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्डना हे प्रश्न आपल्या पुस्तकात लिहिण्याइतके महत्त्वाचे वाटले. आपल्या विद्यापीठांतल्या किती मार्गदर्शकांना ते पीएचडीचे विषय वाटले असते?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. असं काम गावागावाला वेगळं. लोणीत ठरलेले तीस सेकंद कदाचित बीडच्या बाजरीला लागू पडणार नाहीत. मग सार्वत्रिक ज्ञान कुठलं, आणि त्यावर सरकारने पैसा का घालावा? उत्तर असं की बाजरी बदलली तर सेकंद बदलतील, पण सेकंद ठरवायची पद्धत बदलणार नाही. ती लिहून ठेवली, फसलेले प्रयोग न लपवता छापले, तर बीडला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आज नेमके फसलेले प्रयोगच कुठे सापडत नाहीत. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: मग खोडदला कशाला खर्च, सगळा पैसा बाजरीला द्या. हे मला अजिबात मान्य नाही. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे मांडले त्यात खोडदची निरीक्षणं होती, याचा जुन्नरच्या माणसाला अभिमान वाटायला हवा. माझी तक्रार वरच्या मजल्याविरुद्ध नाहीच. जिना बांधायचं काम कुणाच्याच खात्यावर नाही, याविरुद्ध आहे.

ते खात्यावर घालायला नवी संस्था काढायची गरज नाही. शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या घेणं हे कृषी विज्ञान केंद्रांचं नेमून दिलेलं कामच आहे. नारायणगावच्या केंद्राने पुढच्या वर्षीच्या चाचण्यांत लोणी-धामणीची बाजरी घ्यावी: पाबळच्या मुलांनी उकळीची आणि वाळवणाची व्यवस्था बांधावी, राहुरीने आम्लांक मोजावा, भाकरीचा निकाल लोणीच्या बचत गटाने द्यावा आणि त्या बायकांची नावं निबंधावर लेखक म्हणून छापावीत. खोडदच्या अभियंत्यांनी त्याच वर्षात ८६५ मेगाहर्ट्झचे दहा संवेदक शेतात लावून त्यांचा गोंगाट मोजावा आणि काय सापडलं ते मराठीत जाहीर करावं. दोन्ही प्रयोग मिळून एखाद्या चारचाकी गाडीच्या किमतीत बसतील. ग्रामपंचायतीने ठराव करून हे मागावं. न मागता कुणी देणार नाही.